प्लेकोची पिल्लं: काय खायला घालता, कशी जगवता? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी, आमच्या ब्रिसलनोज प्लेकोच्या (काचेला चिकटून शेवाळ खाणारा टाकीतला मासा) मादीने टाकीतल्या करवंटीत अंडी घातली, नर आत बसून पंखांनी वारा घालत होता आणि आता पिल्लं काचेवर चिकटायला लागलीयेत. नेटवर जो तो झुकिनी झुकिनी करतो, रत्नागिरीत झुकिनी कुठे शोधू? आपल्याकडच्या भाज्या, आपलं पाणी, आपला पावसाळा यात ज्यांनी पिल्लं वाढवलीत त्यांनी लिहा. दुकानात सरसकट 'सकर' म्हणून देतात तो वेगळा हं, तो दीड फुटापर्यंत जातो आणि बिळं करून अंडी घालतो, घरच्या टाकीत नाही. हा चार-पाच इंचांचा, नराच्या तोंडावर मिशांसारखे फाटे असलेला.

खाडीकाठी, चिपळूण
पोटाखाली पिवळी पिशवी दिसतेय तोवर काही घालू नका, त्यावरच जगतात ती. पिशवी संपली की मात्र सतत चरायला हवं. शेवाळ खाणारा मासा म्हणून काचेवरच्या शेवाळावर भागेल ही आशा सोडा, एवढी पोरं काच बघता बघता साफ करतात आणि मग टाकी चकाचक, आत पिल्लं उपाशी. काचेला चिकटली की पोट बघायचं, गोल असेल तर बरं, खपाटीला गेलेलं दिसलं की समजायचं. मी दोडका साल काढून उकळत्या पाण्यातून काढतो, स्टीलच्या चमच्याला खोचला की बुडतो. दुधी, पालक, लाल भोपळा पण चालतो. काकडी आवडीने खातात पण ती नुसती पाणी. संध्याकाळी घालायचं, रात्रभर खातात, सकाळी उरलेलं काढायचं म्हणजे काढायचंच.

जांभ्याची विहीर, मालवण
माका इचारशात तर खाण्यापेक्षा पाणी बघा. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ आणि आंबटसर, टाकीत जुनं झालं की पीएच आणखी घसरतो. किनाऱ्यावर समुद्रफेन मिळतो तो गोड्या पाण्यात नीट भिजवून एक तुकडा टाकते, हळूहळू विरघळतो आणि पिल्लं त्यावर पण बसतात. लाकूड हवंच, त्याचा वरचा थर ती खरवडून खातात, पण किनाऱ्यावरनं उचललेलं खारट ओंडकं तसंच टाकू नका. देशी बदामाची वाळकी पानं धुवून टाका, त्यावर जो बुळबुळीत थर धरतो तो खातात आणि शेवटी पानाची नुसती जाळी उरते.

दापोलीकरीण
पावसात लाईट गेली की खरी परीक्षा. स्पंज फिल्टर ठेवा, पिल्लं ओढली जात नाहीत आणि स्पंजवर चरतातही. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा एअर पंप असतो. लाईट गेली की पहिलं काम भाजी बाहेर, कारण कुजणारी भाजी ऑक्सिजन खाते आणि उकाड्यात पाण्यात तो आधीच कमी. पाणी रोज थोडंथोडं बदलते, एकदम अर्धी टाकी नाही. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालून.

तिरफळ
मी सुका जवळा कुटून चिमूटभर घालायचो, वाढ मस्त.

खाडीकाठी
@तिरफळ, चिमूटच ना? बाजारातला जवळा कधीकधी खारवलेला असतो, धुवून घेत जा. आणि जास्त झालं की पाणी दुधाळ. थोडं प्रोटीन हवं हे खरं, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, बाकी दिवस स्पिरुलिनावाली (म्हणजे शेवाळाची) माशांची गोळी अर्धी मोडून.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! नर बाहेर काढायचा का?

दापोलीकरीण
राहू दे, काही करत नाही तो. उलट करवंटी साफ करून पुढच्या बॅचच्या तयारीला लागेल, तेव्हा दुसरी टाकी आत्तापासूनच बघून ठेव दादा. आणि इंचभर झाली की ओळखीत वाट, वहाळात सोडायची नाहीत. गावच्या तळ्यात कोणी मोठे सकर सोडलेत ते आता गळाला लागतात.

धागाकर्ता
दोडका आणलाय. घरून विचारणा झालीय की भाजीला किती आणि माशांना किती.