स्पेनमधले जुने मठ आणि कॉन्व्हेंट: आत सोडतात का, आणि कुठले बघावेत?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये स्पेनला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. माद्रिदला चार रात्री (त्यातला एक दिवस टोलेडो), मग सेव्हिलला तीन आणि बार्सिलोनाला तीन. नवऱ्याला स्टेडियम बघायचंय, मला चित्रं, आणि सासूबाईंनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की तिथल्या नन्स भिंतीतल्या फिरत्या कप्प्यातून मिठाई विकतात पण तोंड दाखवत नाहीत, तेव्हापासून घरात तोच धोशा चाललाय. आपल्याला कॉन्व्हेंट म्हटलं की टाय घातलेली पोरं आठवतात, त्यामुळे मला यातलं शून्य कळतं.

तर प्रश्न असे की खरंच आत सोडतात का, जिथे बायका व्रतस्थ राहतात तिथे आपण कॅमेरे लटकवून घुसणं बरं दिसतं का, आणि तीन मठ बघून झाल्यावर चौथा तसाच वाटतो का? आणखी एक, सासूबाई शाकाहारी आहेत, अंडं गोडात चालतं, मांस बिलकुल नाही. मिठाई काय घ्यावी?

चित्रवेडा

माद्रिदला एकच बघणार असाल तर देस्काल्सास रेआलेस. गर्दीच्या पुएर्ता देल सोलपासून पाच मिनिटं चालत, बाहेरून अगदी साधी विटांची भिंत, लोक समोरून शॉपिंग बॅगा घेऊन जातात आणि त्यांना पत्ता नसतो आत काय आहे.

हा मुळात राजवाडा. सम्राट पाचव्या कार्लोसची मुलगी हुआना इथेच १५३५ मध्ये जन्मली. पोर्तुगालला लग्न होऊन गेली, अठराव्या वर्षी विधवा झाली, नवरा गेल्यावर अठरा दिवसांनी मुलगा झाला आणि तो चार महिन्यांचा असताना त्याला तिथेच ठेवून स्पेनचा कारभार बघायला परत यावं लागलं, कारण भाऊ फिलिप इंग्लंडच्या राणीशी लग्न करायला निघाला होता. ते पोर तिला पुन्हा कधीच दिसलं नाही. त्या बाईने १५५९ मध्ये स्वतःच्या जन्मघरात अनवाणी राहणाऱ्या क्लारिसा पंथाच्या नन्सचा मठ वसवला. देस्काल्सास म्हणजे अनवाणी. हे माहीत असलं की आतला तिचा गुडघे टेकलेला संगमरवरी पुतळा वेगळाच दिसतो, मी तरी तिथे जरा जास्तच वेळ थांबलो आणि गाईडने हाक मारली.

जिना तर कमाल आहे, एक इंच कोरा नाही, आणि वर भिंतीवर राजा चौथा फिलिप सहकुटुंब सज्जात उभा राहून तुमच्याकडे बघतोय असं चित्र काढलंय. मग गालिच्यांचा हॉल. रुबेन्सच्या चित्रांवरून विणलेले प्रचंड भिंतगालिचे आहेत, पण तिथे मान खाली घालून फरशी बघा. ही पूर्वी नन्सची झोपायची जागा होती, आणि फरशीवर त्यांच्या खोल्यांच्या खुणा अजून दिसतात. खोली कसली, चटई टाकली की संपली. भोवती ते वैभव आणि पायाखाली तेवढीशी जागा, माझ्या सगळ्या ट्रिपमधला हाच क्षण लक्षात राहिला.

आता कामाचं. गाईडसोबतच सोडतात, ग्रुप छोटा असतो, तिकीट आधी ऑनलाइन काढा नाहीतर दारावरून परत याल. टूर बहुतेक स्पॅनिशमध्येच. फोटो अजिबात नाही. सोमवारी बंद, दुपारी मधेच बंद, रविवारी दुपारनंतर बंद. बुधवार-गुरुवार संध्याकाळी फुकट असतं पण ते युरोपियन युनियन आणि लॅटिन अमेरिकेच्या नागरिकांना, आपला पासपोर्ट काढून उपयोग नाही, मी प्रयत्न करून झालाय 😄

आणि बरं दिसतं का म्हणाल तर, नन्स अजून राहतात पण तुम्हाला दिसणारच नाहीत, त्यांचा भाग वेगळा आहे.

मावशी_ऑन_टूर

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, माझ्याच पंथाच्या दिसतात.

त्या फिरत्या कप्प्याला तोर्नो म्हणतात. भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप समज, मधे फळ्या, एका बाजूने उघडं. माद्रिदला मर्कादो दे सान मिगेल या बाजाराच्या मागच्या छोट्या चौकात कार्बोनेरासचा मठ आहे, नाव का तर कोळशाच्या कोठारात सापडलेलं मेरीचं चित्र यांच्याकडे आलं म्हणून. दारावर बेल आहे, ‘मोंहास’ म्हणजे नन्स असं लिहिलेली. दाबायची, आतून आवाज आला की ‘दुल्सेस’ म्हणजे मिठाई म्हणायचं, खटकन दार उघडतं. मग अंधारा बोळ, छोटं अंगण, परत बोळ, मी तर यांचा हात घट्ट धरून चालले होते, आणि शेवटी ते पिंप. शेजारी भिंतीवर मिठायांची यादी नि दर लावलेले. नाव सांगायचं, सुटे पैसे असतील तर उत्तम, आम्ही पन्नासची नोट ठेवली, पिंप कुरकुर करत फिरलं आणि नोट गायब! यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा फिरलं आणि डबा आला, त्यावर उरलेले पैसे नाण्यासकट नीट रचून ठेवलेले. आतल्या बाई म्हाताऱ्या असाव्यात आवाजावरून, हसल्या बहुतेक आमच्या स्पॅनिशला. डबे अर्ध्या किलोपासून, कमी मागू नको.

आता खरं महत्त्वाचं, नीट वाच. मांतेकादो, पोल्वोरोन, नेवादितो या नावांच्या कुकीजमध्ये डुकराची चरबी असते, ‘मांतेका दे सेर्दो’. दिसायला आपली नानकटाईच, तशीच भुगाभुगा होणारी, म्हणूनच फसायला होतं. सासूबाईंसाठी येमा घे, ती निव्वळ अंड्याचा बलक आणि साखर. किंवा बदामाचे प्रकार, पण तिथेही चरबी नाही ना विचारून घ्यायचं, ‘सिन मांतेका?’ एवढं बोललं की कळतं त्यांना.

आणि हो, येमात बलकच का, तर सांगतात की वाइनवाले वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे आणि उरलेले बलक मठांना दान द्यायचे. नन्सनी त्याचं सोनं केलं.

उगाच_खवट

चार शहरांत चार मठ म्हणजे अति आहे, स्पष्ट बोलतो. आम्ही एका ट्रिपला सात बघितले आणि आता फोटो बघून कुठला क्लॉइस्टर कुठला ते मलाच सांगता येत नाही. चौकोनी अंगण, मधे विहीर, भोवती कमानी, कोपऱ्यात एक मांजर. माझा सल्ला, एक असा बघा जिथे अजून नन्स आहेत आणि एक असा जिथून त्यांना हाकललंय.

हाकललंय म्हणजे काय तर १८३६ च्या सुमारास मेंदिझाबाल नावाच्या पंतप्रधानाने मठांच्या मालमत्ता जप्त करून लिलावात काढल्या, सरकारवर कर्ज होतं आणि घरात यादवी युद्ध चालू होतं. त्यामुळे स्पेनमध्ये तुम्ही जे म्युझियम, बराक, हॉटेल बघता त्यातलं बरंच काही मूळचं मठ असतं. सेव्हिलचं ललितकलांचं म्युझियम हा ला मेर्सेदचा मठ, आणि आत जी मुरिल्यो-सुर्बारानची चित्रं आहेत त्यातली पुष्कळशी अशाच रिकाम्या झालेल्या मठांतून आलेली. रेवाच्या आईला चित्रं बघायचीत ना, मग हे चुकवू नका.

त्याहून गमतीचा म्हणजे नदीपलीकडचा कार्तुहा. मौनव्रती कार्थुझियन संन्याशांचा मठ, कोलंबसचं शव काही वर्षं इथे ठेवलेलं. मठ गेल्यावर पिकमन नावाच्या इंग्रजाने तिथे चिनीमातीचा कारखाना टाकला, बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांची धुराडी अजून चॅपेलच्या शेजारी उभी आहेत, आणि आता तिथे आधुनिक कलेचं केंद्र आहे. एकाच आवारात प्रार्थना, कपबशा आणि न कळणारी आधुनिक कला. नवऱ्यालाही आवडेल, मोकळी जागा आहे, गर्दी नाही.

रेवाची_आई

बापरे, चरबीचं सांगितलंत ते फार बरं केलंत मावशी, मी तर डबे भरून आणणार होते सगळ्या बिल्डिंगसाठी!! चित्रवेडा, हुआनाची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या तिथे जायचंच. म्हणजे माद्रिद पक्कं. सेव्हिलमध्ये जिवंत मठ कुठला? आणि टोलेडो, बार्सिलोना?

पायात_भिंगरी

सेव्हिलला सांता पाउला. दगडी-विटांचं प्रवेशद्वार आहे, त्यावर निकुलोसो पिसानो या कारागिराच्या रंगीत टाइल्सचं काम, तेवढं बघायला गेलं तरी वसूल. इथल्या हिएरोनिमाइट पंथाच्या नन्स मार्मालेड आणि जॅम बनवतात, सासूबाईंना बिनधास्त चालेल, फळं आणि साखर. काचेच्या बरण्या आहेत, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, केबिन बॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीला जाईल, आमची तशीच गेली, डोळ्यांदेखत. सान लेआंद्रोच्या येमा प्रसिद्ध आहेत, तिथेही तोर्नो आहे. मठामठांतून फिरायचा कंटाळा आला तर कॅथेड्रलजवळ प्लाझा देल काबिल्दोमध्ये एक दुकान आहे, एल तोर्नो नावाचंच, तिथे वेगवेगळ्या मठांची मिठाई एकत्र मिळते, पण मग ते पिंप फिरायची मजा नाही.

टोलेडोला सान हुआन दे लोस रेयेस. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या टांगलेल्यात, ग्रानाडाच्या लढाईत मुस्लिम राज्यातून सुटलेल्या ख्रिश्चन कैद्यांच्या बेड्या त्या. आतला क्लॉइस्टर दोन मजली, वरच्या मजल्याचं लाकडी छत मान दुखेपर्यंत बघत बसाल. आणि तुम्हाला चित्रं आवडतात तर सांतो दोमिंगो एल अंतिग्वो, चित्रकार एल ग्रेकोला टोलेडोतलं पहिलं मोठं काम इथे मिळालं १५७७ मध्ये आणि त्याला पुरलंही इथेच.

बार्सिलोनाला पेद्राल्बेस, गावाच्या वरच्या बाजूला, रेइना एलिसेंदा स्टेशनवरून थोडं चालायचं. राणी एलिसेंदाने १३२७ मध्ये बांधून घेतला, त्याच वर्षी तिचा नवरा, म्हणजे राजा, गेला आणि ती पुढची ३७ वर्षं मठाला लागून घर करून राहिली. तिची कबर भिंतीत अशी बसवलीय की चर्चच्या बाजूने ती मुकुटातली राणी दिसते आणि क्लॉइस्टरच्या बाजूने साध्या कपड्यातली विधवा. एकच बाई, दोन बाजू. आधी एका बाजूने बघा मग फिरून दुसऱ्या बाजूने या. क्लॉइस्टरच्या अंगणात औषधी वनस्पतींची बाग आहे, सासूबाईंना बाकावर बसवा, शांतता इतकी की खाली बार्सिलोना आहे हे विसरायला होतं. हाही सोमवारी बंद.

खवट साहेबांशी मी असहमत, तिन्ही एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

उगाच_खवट

मांजर मात्र पेद्राल्बेसलाही होतं. पण ठीक आहे, कबरीचं मान्य.

कपड्यांचं कुणी बोललं नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ऑक्टोबरमध्येही सेव्हिलला ऊन कडक असतं म्हणून सांगतोय, पातळ ओढणी जवळ ठेवा. आणि चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना चालू असेल तर फिरायचं नाही, मागच्या बाकावर बसायचं. आम्ही एकदा असेच टेकलो होतो, जाळीपलीकडून पाच-सहा थकलेले आवाज, मधे एकीला खोकला, दुसरी तिच्यासाठी थांबली आणि मग परत सुरू. तिकीट नव्हतं त्याला.

रेवाची_आई

सगळ्यांचे खूप आभार! सोमवार प्रवासाला टाकला, मठ सगळे सकाळी. शेवटचा प्रश्न सासूबाईंकडून, तोर्नोवर पहिल्यांदा काय म्हणायचं? नुसतं ‘ओला’ (हॅलो) म्हणणं उद्धटपणा होईल म्हणतात त्या.

मावशी_ऑन_टूर

जुनी पद्धत अशी की आतून आवाज येतो ‘आवे मारिया पुरीसिमा’ (परमपवित्र मेरीला वंदन), आपण म्हणायचं ‘सिन पेकादो कोन्सेबिदा’ (पापाविना गर्भात आलेली). कधी उलटंही होतं, आपण पहिलं म्हणायचं आणि त्या दुसरं. सगळीकडे नाही आता, कुठे कुठे नुसतं ‘दिगामे’ म्हणजे ‘बोला’ असंच येतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे त्यांना, चष्मा विसरू नका म्हणावं, बोळात अंधार असतो.