मदत हवी आहे: क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची असोसिएट डिग्री पैशांच्या हिशेबाने परवडते का? (न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी,

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. लेक यंदा हायस्कूल संपवतेय आणि तिला क्रिमिनल जस्टिसच (गुन्हे, पोलीस, कोर्ट यांचा अभ्यास) करायचंय. पोलिसात जायचं की कोर्टाकडे वळायचं हे नक्की नाही, पण कॉम्प्युटर नको आणि नर्सिंगही नको, यावर ठाम आहे. ‘पोरीला पोलिसात कशाला घालतेस’ हा सल्ला फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळातल्या कँटीनमध्ये डोशाबरोबर फुकट मिळून झालाय, तेव्हा तेवढा सोडून बोला. प्रश्न निव्वळ पैशांचा आहे.

एक पर्याय क्युनीच्या (न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या) दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजचा. रहिवाशांना पूर्णवेळ ट्युशन वर्षाला ४,८०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे ९,६००. दुसरा एका खाजगी ऑनलाइन कॉलेजचा (नाव लिहीत नाही). तिथे हीच डिग्री तिपटीहून महाग, आणि वर त्यांचा माणूस रोज फोन करतो, ‘सीट जाईल’ म्हणून. ऑनलाइन कॉलेजात सीट कुठे जाते, देव जाणे.

अमेरिकेच्या कामगार खात्याचे २०२३ चे आकडे पाहिले. नुसतं हायस्कूल झालेल्यांची आठवड्याची मध्यम कमाई ८९९ डॉलर, असोसिएटवाल्यांची १,०५८. वर्षाला आठ हजारांवर फरक! कम्युनिटी कॉलेजचे पैसे सव्वा वर्षात वसूल, असं वाटून मी खूश झाले होते. पण त्या १,०५८ मध्ये नर्सेस आल्या, डेंटल हायजिनिस्ट आले, एक्स-रे काढणारे आले. त्यांच्या शिक्षणातून लायसन्स मिळतं आणि ते नसेल तर कुणी दारात उभं करत नाही. क्रिमिनल जस्टिसच्या कागदाला तसलं काही चिकटलेलं नाही. त्यामुळे हा फरक लेकीच्या पदरात पडेल असं धरायला मन धजत नाही.

पोलिसांचं बघितलं तर एनवायपीडीला (न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याला) आधी कॉलेजची ६० क्रेडिट्स (विषय पूर्ण केला की जमा होणारी एककं) लागायची, म्हणजे बरोबर एक असोसिएट डिग्री. २०२५ मध्ये अट २४ वर आणली. एवढी तर वर्षभरात होतात, तीही कुठल्याही विषयातली चालतात. मग दुसऱ्या वर्षाचे पैसे कशाचे? पगार तर कराराप्रमाणे नोकरीच्या वर्षांवर चढतो, डिग्रीवर नाही. पण एक गोष्ट डिग्रीच्या बाजूची आहे. नेमणुकीला वय २१ पूर्ण लागतं आणि लेक आहे १८ ची. मधली वर्षं दुकानात काउंटरवर काढण्यापेक्षा शिकलेली काय वाईट? म्हणजे ‘शिकण्यापायी कमाई बुडाली’ हा खर्च मी जवळजवळ धरलाच नाही. बरोबर आहे का?

बढतीला सार्जंटसाठी ६४ क्रेडिट्स, लेफ्टनंटसाठी ९६, कॅप्टनसाठी चार वर्षांची पदवी. असोसिएट ६० ची. चार क्रेडिट्सवर घोडं पेंड खातंय!

प्रोबेशन ऑफिसरला (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारा) बहुतेक ठिकाणी बॅचलर्सच, म्हणजे चार वर्षांची पदवी, मागतात. फेडरल (केंद्र सरकारच्या) नोकरीत दोन वर्षांच्या कॉलेजवर जीएस-४ ही पगाराची श्रेणी, बॅचलर्सवर एकच पायरी वरची जीएस-५. मग नुसत्या असोसिएटवर थांबून कुणाचं भलं झालंय का? अनुभव असेल तर सांगा.

झेब्राक्रॉसिंग: ताई, आधी त्या ऑनलाइनवाल्याचा नंबर ब्लॉक करा. वेस्टवुड कॉलेजचं प्रकरण शोधून वाचा. क्रिमिनल जस्टिसच्या पोरांना पोलिसातल्या नोकऱ्यांची स्वप्नं दाखवली, पण कॉलेजचं ॲक्रेडिटेशन (दर्जाची मान्यता) असं की खुद्द इलिनॉय स्टेट पोलीसच ती डिग्री धरत नव्हते. इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी २०१२ मध्ये केस घातली, कॉलेज २०१६ मध्ये बंद पडलं. पोरांच्या डोक्यावरची लोनं सरकारने माफ केली ती २०२२ मध्ये. तोवर व्याज चालूच.

जॅक्सनहाइट्सची: असोसिएटवर थांबायचंच कशाला? जॉन जे या क्युनीच्याच चार वर्षांच्या कॉलेजचा ‘क्युनी जस्टिस अकॅडमी’ नावाचा कार्यक्रम आहे. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग तिसऱ्या वर्षाला थेट जॉन जेमध्ये. मात्र त्यांच्या यादीतलाच कोर्स घ्यायचा. क्युनीच्या सीनियर (चार वर्षांच्या) कॉलेजची ट्युशन वर्षाला ६,९३०, म्हणजे चार वर्षं मिळून साधारण साडेतेवीस हजार. पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) पूर्ण मिळाली तर ती वर्षाला ७,३९५ पर्यंत असते, त्यात ट्युशन निघून पुस्तकांनाही उरतं. आणि ‘असॅप’मध्ये (असोसिएट डिग्री वेळेत पूर्ण व्हावी म्हणून क्युनीने काढलेला कार्यक्रम) नाव घालाच. ट्युशनमधली तूट भरून देतात, पुस्तकांना मदत, प्रवासाचा पास, शिवाय ॲडव्हायजर सारखा मागे लागतो. त्या कार्यक्रमाचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासात तीन वर्षांत डिग्री पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० वर गेले होते. अर्धवट सुटलं तर तुमचा सगळा हिशेबच कोसळतो, म्हणून हे आधी सांगितलं.

आजोबा_इन_टेक्सस: मी जरा उलटं बोलतो. २४ क्रेडिट्स कुठल्याही विषयातली चालतात ना? मग अकाउंटिंग घेऊ द्या. पोलिसात लेखी परीक्षेनंतर मेडिकल, मानसशास्त्रीय चाचणी, पार्श्वभूमीची तपासणी असते. त्यातल्या एकीत अडकली तर क्रिमिनल जस्टिस घेऊन जाणार कुठे? अकाउंटिंगवाल्याला पोटापुरतं कुठेही मिळतं, आणि आर्थिक गुन्ह्यांच्या तपासातही तेच लागतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. नंबर ब्लॉक केला. आजोबा, अकाउंटिंगचं नाव काढल्यावर लेकीने तोंड वाकडं केलं, पण ‘आर्थिक गुन्हे’ म्हटल्यावर कान टवकारले! जॉन जेमध्ये त्या विषयाचा कोर्स आहे म्हणे. जस्टिस अकॅडमीतून तिकडे गेलेलं इथे कुणी आहे का? सगळी ६० क्रेडिट्स धरली, की काही विषय पुन्हा करावे लागले?