रेडिमेड बुकशेल्फमध्ये जास्तीच्या फळ्या कशा टाकायच्या?

पुस्तकांचा_पसारा:
नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमच्याकडे ते खोक्यात सपाट पॅक होऊन येतं आणि आपणच अ‍ॅलन की फिरवत बसून जोडायचं असतं ना, तसलं एक बुकशेल्फ आहे. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला), बोर्ड १६ एमेम जाडीचा, एकूण उंची १८० सेंमी, आतली रुंदी ७६ आणि खोली २८. कप्पे पाच, प्रत्येक कप्पा आतून ३३ सेंमी उंच. आता प्रॉब्लेम असा की माझी बहुतेक पुस्तकं म्हणजे कादंबऱ्या, कथासंग्रह, चरित्रं वगैरे डेमी साइजची, ती साधारण साडेएकवीस सेंमी भरतात, म्हणजे प्रत्येक कप्प्यात वर बोटभर नाही चांगली अर्धी वीत जागा रिकामी, आणि मग मी त्या जागेत पुस्तकं आडवी कोंबते आणि खालचं एखादं काढायचं म्हटलं की वरची सगळी अंगावर. मला वाटतंय दोनतीन फळ्या वाढवाव्यात. पण फळ्या ज्या पिनांवर बसतात त्यांची भोकं सलग नाहीयेत, प्रत्येक फळीच्या जागी फक्त तीन तीन दिलीत, म्हणजे फळी थोडी वर नाहीतर थोडी खाली एवढंच. खालून दुसरी फळी तर पक्कीच आहे, ती हलत नाही. नवीन भोकं मारली तर बोर्ड फुटेल का? फळ्या कुठून आणायच्या? घर भाड्याचं आहे (कोथरूड), मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. घरात ड्रिल आहे आणि ते चालवायला नवराही आहे, पण दोघांची गॅरंटी नाही 😄

सुतारपक्षी:
ताई, फळ्या आणायच्या आधी एक कागद घ्या. तुमचे आकडे दिलेत ते बरं केलंत, त्यावरूनच हिशोब मांडतो.

ती जी खालून दुसरी फळी पक्की आहे तिला अजिबात हात लावू नका. ती मिनीफिक्सने (आतून फिरवून आवळायचे ते गोल लॉक) आवळलेली असते आणि दोन्ही बाजूंना आत धरून ठेवण्याचं काम तिचं असतं. ती काढली तर बाजूच्या उभ्या पाट्या बाहेर फुगतात आणि मग बाकीच्या फळ्या पिनांवरून सटकायला लागतात. म्हणजे तुमच्या शेल्फचे दोन स्वतंत्र भाग झाले, पक्क्या फळीच्या खाली दोन कप्पे, वर तीन.

वरच्या भागाची आतली उंची तीन कप्पे अधिक मधल्या दोन फळ्या म्हणजे १०२ सेंमी आणि वर थोडं. यात एक फळी वाढवली की चार कप्पे होतात आणि प्रत्येकी २४ सेंमी मिळतात, सगळ्यात वरचा सव्वापंचवीसच्या आसपास. डेमीला एकदम फिट, वर दोन बोटं घालून पुस्तक ओढायला जागा राहते, आणि तेवढी लागतेच. खालच्या भागात मात्र एक फळी वाढवलीत तर तीन कप्पे होतील २१.४ चे, आणि तुमचं पुस्तक साडेएकवीस. म्हणजे मिलिमीटरने हुकतंय. तिथे फळी टाकूच नका. ते दोन उंच कप्पे दिवाळी अंक, शब्दकोश, अ‍ॅटलास असल्या दांडग्या मंडळींना ठेवा. तात्पर्य, तुम्हाला तीन नाही, एकच फळी लागतेय. मात्र वरच्या तिन्ही फळ्यांच्या जागा बदलतील आणि तुमची ती तीन तीन भोकं त्यातल्या एकाही जागी येत नाहीत, त्यामुळे बारा नवी भोकं मारायला लागणारच.

बोर्ड फुटत नाही हो, घाई केली तर वरचा लॅमिनेटचा पापुद्रा मात्र उडतो. ड्रिलला लाकडासाठीचं ५ एमेमचं बिट घ्या, ज्याच्या टोकाला मध्ये बारीक अणी असते ते, काँक्रीटचं बिट चालणार नाही. बाजूची पाटी १६ एमेमची आहे तर भोक १० एमेमच्या पुढे न्यायचं नाही, बिटला टोकापासून १० एमेमवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी बोर्डला टेकली की थांबायचं. हॅमर मोड बंद.

आणि टेपने मोजून खुणा करू नका प्लीज. चारातलं एक भोक जरी एका मिलिमीटरने चुकलं तर फळी कायम डुगडुगते. त्यापेक्षा प्लायची एक पट्टी घ्या, तिच्यात हव्या त्या उंचीला तीन भोकं पाडा, पट्टी पक्क्या फळीवर उभी टेकवायची आणि जुन्या भोकांच्या उभ्या रेषेत धरून त्या भोकांतूनच ड्रिल करायचं (बिटवरची चिकटपट्टी मात्र मग प्लायच्या जाडीइतकी आणखी मागे गुंडाळा). चारही कोपऱ्यांना तीच पट्टी, तेच बूड खाली. मग पट्टी स्वतः थोडी चुकली असली तरी चारही बाजूंना सारखीच चुकते आणि फळी लेव्हलमध्येच बसते. शेल्फ रिकामं करून, आडवं झोपवून काम करा.

प्लायवाला_डोंबिवली:
वरचा हिशोब बरोबर आहे. फळीचं सांगतो, आमचा रोजचाच धंदा आहे. ८ बाय ४ ची आख्खी शीट घेऊ नका, त्यात तुमच्या मापाच्या बारा फळ्या निघतात, काय करणार एवढ्यांचं? कुठल्याही प्लायच्या दुकानात कटपीस पडलेले असतात, ते मागा. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, पिना आणि एज बँडसाठी (कापलेली कड झाकायची ती पातळ पट्टी) बोहरी आळी. रंग तंतोतंत जुळवायच्या नादाला लागू नका, पुस्तकं लागल्यावर फक्त पुढची कडा दिसते, तेवढी जुळली तरी खूप झालं.

माप देताना आतल्या रुंदीपेक्षा २ एमेम कमी द्या नाहीतर फळी तिरकी करून आत घालताना बाजू खरवडते. मटेरियल शक्यतो १८ एमेम प्लाय, पार्टिकल बोर्ड नको. पार्टिकल बोर्डची फळी पहिल्या दिवशी सरळ दिसते पण वजन कायम राहिलं की महिन्यामहिन्याने मध्ये बसत जाते आणि मग वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. प्लाय त्या मानाने खूप कडक. आणि जाडीचा फरक वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो, कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे १६ ची १८ केली तर त्याच मटेरियलमध्येसुद्धा चाळीसेक टक्के फरक.

जुन्या फळ्या आत्ताच खाली झुकल्या असतील तर त्या उलट्या करून लावा आणि पुढच्या कडेला खालून दीड इंचाची सागवानी पट्टी उभी चिकटवा, फेव्हिकॉल आणि दोनतीन स्क्रू. फक्त ती पट्टी खालच्या कप्प्याच्या उंचीतून जाते हे लक्षात ठेवा, तुमच्या २४ च्या कप्प्यात ती चालणार नाही, पुस्तक आत घालतानाच अडेल. खालच्या उंच कप्प्यांना चालेल.

कापलेल्या चारही कडांना एज बँड लावून घ्या, मागच्यासुद्धा. दुकानवाला म्हणेल पुढचीच लावतो बाकी दिसत नाही. ऐकू नका.

म्युनिककर:
इकडे जर्मनीत घरोघरी आयकियाचं बिली नावाचं बुकशेल्फ असतं (१९७९ पासून बनतंय ते, गिलिस लुंडग्रेन नावाच्या डिझायनरचं), त्याला भोकं जवळजवळ सलग दिलेली असतात आणि जास्तीची फळी सुटी विकत मिळते, त्यामुळे हा बारा भोकांचा व्याप आम्हाला नाही. मध्ये एक फळी पक्की तिथेही असतेच. पण मी वेगळ्या कारणाने लिहितोय. ८० सेंमी रुंदीच्या बिलीच्या एका फळीला कंपनी ३० किलोची मर्यादा सांगते. तुमच्या शेल्फच्या मॅन्युअलमध्ये असा आकडा असेल तो आधी शोधा. साध्या कागदावरच्या डेमी पुस्तकांची एक रांग त्याच्या बरीच खाली राहते, पण गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक ७६ सेंमी खचाखच भरले तर आकडा तिथवर सहज जातो. घरातल्या वजनकाट्यावर एक गठ्ठा ठेवून बघा, अंदाज येईल. फळी वाढल्याने एकेका फळीवरचं वजन वाढत नाही, पण आख्ख्या शेल्फचं वाढतं.

आणि भिंतीचं काय? १८० सेंमी उंच शेल्फ भिंतीला न बांधता भरायचं म्हणजे मला तरी धाडस वाटतं. घरात लहान मूल असेल तर मालकाशी बोलाच, वरच्या बाजूला एक एल पत्ती आणि एक फिशर (भिंतीच्या भोकात स्क्रू धरायला घालतात ती प्लास्टिकची गुल्ली) एवढंच लागतं, सोडताना पुट्टी भरून द्यायची. डबल साइड टेपवर विसंबू नका, चुना दिलेल्या भिंतीचा रंगच सोलून येतो.

आळशी_माणूस:
भोकं मारायचीच कशाला म्हणतो मी. १२ एमेम प्लायचे २४ सेंमी उंच आणि २७ खोल असे तुकडे कापून आणा, दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे टेकवा, त्यावर फळी ठेवा, परत दोन तुकडे, परत फळी. वरपर्यंत असंच. ड्रिल नाही, पिन नाही, घर सोडताना सगळं काढून घ्या, शेल्फ होतं तसं. रुंदी दोन्हीकडून मिळून अडीच सेंमी जाते, म्हणजे एक जाड पुस्तक.

सुतारपक्षी:
@आळशी_माणूस आयडिया चांगली आहे पण अर्धीच सांगितलीत. वरच्या चारही कप्प्यांचं वजन त्या तुकड्यांवरून उतरत पक्क्या फळीच्या दोन टोकांवर येणार, आणि ती टोकं पार्टिकल बोर्डमधल्या मिनीफिक्सवर आणि लाकडी डॉवेलवर (गोल खुंट्यांवर) लटकलेली आहेत. पिनांवर वजन वाटून बाजूच्या पाट्यांमध्ये जातं, इथे सगळं एकाच जोडावर. करायचंच असेल तर खालच्या दोन कप्प्यांतही तसेच ३३ चे तुकडे उभे करा म्हणजे वजन थेट तळाला आणि तिथून जमिनीवर उतरेल. मग मात्र ही पद्धत भोकांपेक्षाही दणकट होते हे मान्य.

आळशी_माणूस:
बघा, आळसातच दणकटपणा असतो. बाकी ३३ च्या तुकड्यांचं मान्य, ते लिहायचा कंटाळा केला.

चिपळूणची_मावशी:
अगो बाय, प्लाय काय नि पार्टिकल काय, पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे कोकणात पार्टिकल बोर्डाची कड उघडी राहिली की दोन पावसात ती फुगून पुरी होते, तेव्हा वर भाऊंनी एज बँडचं सांगितलंय ते सोन्यासारखं आहे. नवीन भोकं मारशील त्यांच्यातही थोडा पातळ फेव्हिकॉल काडीने फिरव आणि वाळू दे, मग पिन. पुण्यात एवढं लागत नसेल पण बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर ओल येतेच.

आणखी एक, पाठीचा जो पातळ हार्डबोर्ड खिळ्यांनी मारलेला असतो तो काम करताना निघाला तर तसाच सोडू नकोस, परत नीट ठोक. तो नुसता झाकायला नाही, त्याच्यामुळेच शेल्फ काटकोनात राहतं, नाहीतर एका बाजूला कलायला लागतं. शेल्फ भिंतीपासून बोटभर पुढे ठेव, पत्ती लावलीस तरी मध्ये ठोकळा घालून. कप्पे लहान झाले की वारा कमी खेळतो आणि कसर लागायला तेवढंच निमित्त पुरतं. नवरोबाला ड्रिल दे, पण पट्टी तू धर 😀

पुस्तकांचा_पसारा:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. आत्ता मोजून बघितलं, वरचा भाग आतून १०२.३ येतोय, म्हणजे हिशोब जुळतोय आणि एकच फळी लागणार हे ऐकून फारच बरं वाटलं, मी तीनची ऑर्डर द्यायच्या तयारीत होते. मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि चढतो, त्यामुळे पत्तीचं आजच मालकांना विचारलं, ते म्हणाले एकच भोक आणि तेही शेल्फच्या मागे लपेल असं. भोकांचाच मार्ग घेतेय, तुकड्यांनी माझी अडीच सेंमी जातात ती परवडत नाहीत. पण एक प्रश्न राहिला, एवढं करूनही सगळी पुस्तकं मावणार नाहीत. खालच्या ३३ च्या कप्प्यांमध्ये दोन रांगा लावता येतील का? मागची रांग दिसत नाही हाच त्रास आहे.

सुतारपक्षी:
येतील. डेमी पुस्तक १४ सेंमी रुंद असतं, तुमची खोली २८, म्हणजे एकामागे एक दोन रांगा काठोकाठ बसतात. मागच्या रांगेखाली १० सेंमी उंचीची पायरी ठेवा, प्लायचं लांबट उलटं खोकं, रुंदी १३-१४. मग मागची पुस्तकं साडेएकतीसपर्यंत जातात, कप्पा ३३ चा आहे, आणि पुढच्या रांगेच्या डोक्यावरून मागच्यांची वरची दहा सेंमी दिसतात, कण्यावरचं नाव बहुतेक वाचता येतं. पायरीला मध्ये एक उभा आधार द्या. पण हे फक्त सगळ्यात खालच्या कप्प्यात करा, दोन रांगा म्हणजे दुप्पट वजन आणि तळाची पाटी जमिनीजवळ असते, तिच्या मध्याखाली एखादा ठोकळा सरकवला की झालं. त्याच्या वरच्या कप्प्यात दिवाळी अंक, आणि तेही ठासून भरू नका.

प्लायवाला_डोंबिवली:
पायरीसाठी वेगळा माल घेऊ नका, फळीचा कटपीस घेतानाच दुकानात सांगा, त्याच तुकड्यातून निघेल. आणि कटिंग मशीनवरच करून घ्या, घरी करवतीने कापलेल्या कडेला एज बँड नीट बसत नाही.