जखम उघडी ठेवण्याबद्दल
जखमेला वारा लागू द्या, खपली लवकर धरते, असं या चर्चेत आधी दोघांनी लिहिलंय. खपली लवकर धरते हे खरं, पण जखम भरायला त्याने उलट उशीर लागतो. १९६२ साली ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कडेच्या पेशी ओलाव्यावरून सहज सरकतात. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढत यावं लागतं.

आईचा गुडघा सोलवटला तेव्हा आम्हीही तो उघडाच ठेवला. मांडी घालून बसली की खपली तडकायची, पुन्हा रक्त. शेवटी ओळखीच्या नर्सताईंनी व्हॅसलीन लावून न चिकटणारी पट्टी बांधली, रोज बदलायला सांगितली. पट्टीखालचा पिवळसर, पातळ ओलावा बघून मी पू झाला म्हणून घाबरलो होतो. ती लस, म्हणजे जखमेतून पाझरणारं पाणी असतं, जखम भरून काढणाऱ्या पेशी तिच्यातूनच काम करतात. मात्र लाली पसरत गेली, ठणका वाढला, वास किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर तेवढीही वाट बघू नका.