मदत हवी आहे : डासांच्या भयकथेत विज्ञान कुठवर ताणता येईल?

मंडळी, दिवाळी अंकासाठी विज्ञान-भयकथा लिहितेय. गिरगावातली चाळ, गच्चीवर झाकण तुटलेली टाकी आणि तिच्यात प्रयोगशाळेतून सुटलेले ॲनोफिलिस स्टीफेन्सी. मुंबईत मलेरिया पसरवणारा हाच डास, त्याला गटार नको, स्वच्छ साठलेलं पाणी लागतं.

त्यांच्यात जीन ड्राइव्ह घातलाय. एरवी बदललेलं जनुक साधारण निम्म्या पिलांत उतरतं, ड्राइव्हमुळे जवळजवळ सगळ्यांत. लंडनमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातले ॲनोफिलिस गॅम्बी डास असेच ७ ते ११ पिढ्यांत संपले, कारण माद्या वांझ होत गेल्या. हे वाचून माझ्या अंगावर काटाच आला.

घोडं अडलंय पुढे. काकू रात्री टाकीत टॉर्च मारतात. ॲनोफिलिसच्या अळ्या पाण्याला समांतर, आडव्या तरंगायला हव्यात. इथे त्या क्युलेक्ससारख्या डोकं खाली करून लटकल्यात. म्हणजे ड्राइव्ह भलत्याच जातीत शिरलाय! पण या दोन डासांचा संकर होत नाही. मग जनुक तिकडे पोचायला पटेल असा मार्ग कोणता? विषाणूमार्फत चालेल का? राक्षसी आकाराचे डास मला मुळीच नकोत. कीटकशास्त्र किंवा जनुकशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा, अगदी सविस्तर सांगितलंत तरी चालेल.