मनोरा पाडला, पुढे काय?
'आधी थोडी सवलत द्या, मग उत्तर कोरियाचा विश्वास बसेल' हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. जून २००८ मध्ये त्यांनी योंगब्योन या आपल्या अणुकेंद्रातल्या अणुभट्टीचा शीतकरण मनोरा कॅमेऱ्यांसमोर उडवून दिला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्यांचं नाव दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढलं. तेही अणुकार्यक्रमाच्या तपासणीच्या काही मुद्द्यांवर नुसत्या तोंडी समजुतीवर! माझ्या मते खरी घोडचूक हीच. नोव्हेंबरमध्येच त्यांनी तपासणीसाठी अणुकेंद्रातले नमुने घेऊ द्यायला नकार दिला, मे २००९ मध्ये दुसरी अणुचाचणी केली आणि २०१० मध्ये योंगब्योनमधलाच युरेनियम समृद्धीकरणाचा (ज्यातून अणुबॉम्बसाठीही युरेनियम तयार होऊ शकतं) नवा कारखाना अमेरिकी शास्त्रज्ञांना दाखवला. बोलणी जरूर करावीत, पण नमुने घेण्याची अट लेखी मान्य होईपर्यंत एकही निर्बंध उठवू नये.