मदत हवी आहे: दादा अमेरिकेत, मी नेदरलँड्समध्ये आणि राजकारणावरून आमचं बोलणं बंद झालंय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागेल त्याबद्दल आधीच माफी.

मी आइंडहोवनला राहते, तेरा वर्षं झाली. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, १९९९ ला वायटूकेच्या कामावर अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला, आता टेक्सासमध्ये डॅलसच्या जवळ असतो, नागरिकत्वही घेतलंय. आईबाबा साताऱ्याला. दर रविवारी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल असायचा, त्यात एकमेकांच्या देशांवरून थोडी खेचाखेची चालायचीच पण कोणी मनावर घ्यायचं नाही. बिघडायला लागलं ते २०२५ च्या फेब्रुवारीपासून, म्युनिकला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं भाषण झालं ना, युरोपला खरा धोका रशिया किंवा चीनकडून नाही, आतूनच आहे, तुम्ही लोकांची तोंडं बंद करताय, असं काहीसं, तेव्हापासून. दादाने त्याचा व्हिडिओ पाठवला, वर लिहिलं, 'बघ, कोणीतरी तोंडावर सांगितलं.' माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात सगळे डच आणि जर्मन लोक प्रचंड दुखावलेले होते आणि मी त्यांच्यात बसून काम करते, त्यामुळे मलाही ते लागलं.

मग दर रविवारी काहीतरी निघायला लागलं. तो म्हणायचा तुमच्या युरोपचं रक्षण आमच्या टॅक्सच्या पैशातून होतं, सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली, आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवता. मी म्हणायचे नाटोचं पाचवं कलम (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) आजवर एकदाच वापरलं गेलंय आणि ते अमेरिकेसाठी, २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर, आणि अफगाणिस्तानात २५ डच सैनिक गेले ते कोणासाठी गेले. तो म्हणायचा जर्मनीत एक पोस्ट टाकली तर पोलीस दारात येतात. मी म्हणायचे तुमच्याकडे माणूस ॲम्ब्युलन्स बोलवायला घाबरतो, आमच्याकडे उपचार फुकट आहेत. हे असं दोन-दोन तास. बाबा मध्येच उठून जायचे, आई नुसती बघत बसायची.

आणि मागच्या महिन्यात माझ्या तोंडून जे गेलं ते मी कधीच बोलायला नको होतं. बंदुकांवरून चाललं होतं, दादा दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल (बंदूक बाळगायचा हक्क) काहीतरी सांगत होता, आणि मी म्हटलं, 'तू तुझ्या पोरीला अशा शाळेत पाठवतोस जिथे तिला गोळीबार झाला तर टेबलाखाली कसं लपायचं ते शिकवतात, आणि तुला याचा अभिमान आहे?' माझी भाची नऊ वर्षांची आहे. वहिनी कॅमेऱ्यातून उठून गेली. दादा एवढंच म्हणाला, 'झालं तुझं?' आणि कॉल कट केला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

डिसेंबरमध्ये आईची पंच्याहत्तरी आहे, साताऱ्याला. दोघंही जाणार आहोत, तिकिटं आधीच काढलेली. आईने परवा विचारलं, 'तुम्ही दोघं एका पंगतीत बसाल ना गं?' त्या दिवसापासून मला झोप नाहीये.

मला मदत दोन गोष्टींत हवीये. एक म्हणजे हे अमेरिका-युरोपचं जे आहे त्यात माझं कुठे चुकतंय ते सांगा, कारण मला आता शंका यायला लागलीये की मी ऑफिसात ऐकलेलंच दादाला ऐकवत होते. आणि दुसरं, सुरुवात कशी करू. दोन्हीकडे राहिलेले लोक इथे आहेत म्हणून विचारतेय. कृपया ट्रम्प बरोबर की चूक यावर धागा नेऊ नका.

गवतीचहा:

ताई, वाचून वाईट वाटलं. मी बॉस्टनजवळ वीस वर्षं आहे, आणि बहीण म्युनिकला, त्यामुळे आमच्याकडेही हे सगळं होऊन गेलंय.

आमचा अनुभव असा की निम्मी भांडणं शब्दांमुळे होतात. अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे डावीकडचा, सरकारने जास्त खर्च करावा म्हणणारा. तुमच्या नेदरलँड्समध्ये व्हीव्हीडी नावाची पार्टी स्वतःला लिबरल म्हणवते आणि ती उजवीकडची, धंदेवाल्यांना जवळची, कमी टॅक्सवाली. इथे लाल रंग रिपब्लिकनांचा, तोही टीव्हीवाल्यांनी २००० च्या निवडणुकीपासून पक्का केला, आणि युरोपात लाल म्हणजे समाजवादी. बहीण 'सोशल' म्हणाली की माझ्या नवऱ्याला सोव्हिएत रशिया दिसायचा, आणि तिच्या डोक्यात फक्त पेन्शन आणि बाळंतपणाची रजा असायची.

दुसरं म्हणजे 'अमेरिका' असं एक काही नाहीये हो. आमच्या मॅसॅच्युसेट्सने सगळ्यांना विमा सक्तीचा २००६ मध्येच केला. टेक्सासने ओबामांच्या कायद्यातली मेडिकेडची (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची) वाढ आजही घेतलेली नाही. तुम्ही 'तुमच्या अमेरिकेत' म्हणता तेव्हा दादाला टेक्सास ऐकू येतं, त्याचं घर ऐकू येतं. 'तुमच्या युरोपात' ऐकून तुम्हाला काय होतं तेच त्याला होतं.

ओहायोकर:

मी सहा वर्षं उट्रेख्टला होतो, आता इथे अमेरिकेत. ताई, आरोग्याच्या मुद्द्यावर तुम्ही चुकताय हे स्पष्ट सांगतो, रागावू नका. नेदरलँड्समध्ये उपचार फुकट नाहीत. २००६ च्या कायद्यानंतर तिथे प्रत्येक मोठ्या माणसाने खाजगी कंपनीकडून विमा घ्यायचा असतो, महिन्याला दीडशे युरोच्या वर जातात, शिवाय वर्षाचे पहिले ३८५ युरो खिशातून, फॅमिली डॉक्टर वगैरे त्यातून वगळलेले आणि १८ च्या आतली मुलं मोफत. ब्रिटनचं १९४८ पासूनचं एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, वेगळं, जर्मनीचं बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यातून आलेलं, पगारातून कापून जाणारं, ते वेगळं. 'युरोपात फुकट' म्हटलं की जाणकार माणूस तिथेच तुमचं ऐकणं बंद करतो, आणि तुमचा दादा नक्की जाणकार असणार.

पण तुमचं दुखणं खरं आहे तेही सांगतो. ३८५ म्हणजे ३८५, पुढे काय याची भीती नसते. इथे माझ्याकडे नोकरीचा चांगला विमा आहे तरी वर्षाला खिशातून किती जाऊ शकतात त्याची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादाच २०२५ साली एका माणसाला ९,२०० डॉलर होती. आणि सगळं नोकरीला बांधलेलं. का, तर दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला सरकारने पगारवाढ गोठवली, मग कंपन्यांनी माणसं ओढायला विमा द्यायला सुरुवात केली, पुढे त्यावर टॅक्सची सूट मिळाली आणि ते तसंच राहिलं. ते कोणी बसून ठरवलेलं तत्त्वज्ञान नाही. हे मी जेव्हा इथल्या माझ्या अमेरिकन मित्राला असं इतिहास म्हणून सांगितलं तेव्हा तो शांतपणे ऐकत होता. 'तुमची सिस्टिम क्रूर आहे' म्हटलं असतं तर नसता ऐकला.

नाटोवर मात्र दादाचा मुद्दा निम्मा मान्य करा. २०१४ मध्ये संरक्षणावर जीडीपीच्या २ टक्के खर्च करणारे नाटोतले देश तीनच होते, अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. तुमच्याच हेगमध्ये २०२५ च्या जूनला ५ टक्क्यांचं ठरलं, २०३५ पर्यंत. म्हणजे युरोपनेही मान्यच केलं ना की कमी पडत होतं. आणि त्या २५ सैनिकांचाही मुद्दा तेवढाच खरा, तो सोडू नका.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ३८५ मी दरवर्षी भरते आणि तरी 'फुकट' म्हणत होते, आता लाज वाटतेय. नाटोचे आकडे मला माहीत होते पण त्याच्यासमोर कबूल करायचे नव्हते.

सह्यकडा:

फ्रँकफर्टहून. तो पोस्ट आणि पोलिसांचा विषय मी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख समजतात आणि दोन्ही बाजूंना स्वतःचा मोठा इतिहास आहे.

जर्मनीत कलम १३० आहे, एखाद्या समाजगटाविरुद्ध द्वेष भडकवणं, ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असं म्हणणं, हा गुन्हा. जर्मन माणसाच्या डोक्यात हे असतं की १९३३ च्या आधी त्यांनी अशा लोकांना बोलू दिलं, निवडणूक लढवू दिली, आणि त्यांनी सत्तेत येऊन सगळी लोकशाहीच मोडली. त्यामुळे त्याला बोलण्यावरची मर्यादा म्हणजे लोकशाहीचं कुंपण वाटतं. अमेरिकन माणसाच्या डोक्यात १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती, की सरकारच्या हातात ही कात्री द्यायचीच नाही, आज चांगलं सरकार आहे उद्या कोण येईल. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात कू क्लक्स क्लानच्या नेत्याची शिक्षा रद्द केली, म्हणाले भाषण ताबडतोब हिंसा घडवायला चिथावणारं आणि खरंच तशी घडण्याची शक्यता असलेलं असेल तरच गुन्हा. दोघंही हुकूमशाहीलाच घाबरतायत, फक्त एकाला ती रस्त्यावरून येताना दिसते आणि दुसऱ्याला सरकारी कचेरीतून.

आणि ताई, दादा अगदीच खोटं बोलत नव्हता. हॅम्बुर्गमध्ये २०२१ ला एका नेत्याला ट्विटरवर अपशब्द वापरला म्हणून पोलिसांनी सकाळी सकाळी घराची झडती घेतली होती. पुढच्या वर्षी तिथल्याच कोर्टाने ती झडती बेकायदेशीर ठरवली. दादाला पहिलं वाक्य माहीत असणार, दुसरं कदाचित नसेल. पण सुरुवात 'हो, असं झालं होतं' इथून करा.

मोरपीस७:

मी टेक्सासमध्येच आहे आणि दोन मुलं प्राथमिक शाळेत आहेत. बाकीच्यांनी खूप छान माहिती दिलीये पण मला वाटतं ताई तुमच्या घरात जे झालं ते नाटोमुळे किंवा विम्यामुळे झालेलं नाही.

त्या ड्रिलच्या दिवशी शाळेतून आधी ईमेल येतो. मी तो वाचते आणि डबा भरते. २०२२ च्या मे महिन्यात उव्हाल्डीला शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, ते गाव आमच्याच राज्यातलं, त्यानंतर किती दिवस मी मुलांना सोडून गाडीत शाळेसमोरच बसून राहायचे. आम्हाला माहीत नाही असं तुम्हाला वाटलं का? तुमची वहिनी हे रोज उरावर घेऊन जगते आणि तुम्ही ते तिच्या पोरीचं नाव घेऊन तिच्या सासूसासऱ्यांसमोर तिच्या नवऱ्याला हरवायला वापरलंत. आणि शाळेतला गोळीबार तिकडे होतच नाही असंही नाही, एरफर्टला २००२ मध्ये झाला, बेलग्रेडला २०२३ मध्ये झाला, ग्रात्सला २०२५ मध्ये. कमी होतात हे खरं, खूपच कमी, आणि डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये हँडगन बंद केल्या तसं इथे व्हावं असं मला स्वतःला मनापासून वाटतं. दादालाही कदाचित वाटत असेल. पण तुम्ही त्याला जागाच ठेवली नाहीत ना बोलायला.

आधी दादा नको. आधी वहिनीला फोन करा. आणि मुद्दा अजिबात काढू नका, 'पण' हा शब्दसुद्धा नको.

कठोर लिहिलं असेल तर माफ करा. तुम्ही इथे येऊन विचारलंत म्हणजे तुम्हाला ते लागलंय, म्हणूनच लिहिलं.

गवतीचहा:

मोरपीस७, +१. माझ्याने हे लिहवलं नव्हतं.

धागाकर्ती:

मोरपीस७, तुमचा प्रतिसाद वाचून मी किती वेळ रडत होते. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. मी आजपर्यंत त्या वाक्याचा विचार 'दादाला लागलं' एवढाच करत होते, वहिनी तो ईमेल वाचून डबा भरते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिते काय होतं ते.

धागाकर्ती (पाच दिवसांनी):

मंडळी, अपडेट देतेय.

वहिनीला फोन केला. तिने दुसऱ्या दिवशी उचलला. मी म्हटलं वहिनी मी तुझ्या मुलीला मध्ये आणलं, मला माफ कर, आणि मग गप्प बसले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की त्यांनी गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यात जायचा विचार केला होता, दादानेच विषय काढला होता, घरं पण बघून झाली होती, पण नोकरीचं जमलं नाही. हे मला माहीतच नव्हतं. दोन-दोन तास आम्ही बंदुकांवर वाद घालत होतो आणि त्या सगळ्यात त्याने हे एकदाही सांगितलं नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही.

दादाला मी एक लांब मेसेज लिहिला. त्यात ३८५ युरोंचं लिहिलं, २०१४ च्या तीन देशांचं लिहिलं, हॅम्बुर्गचं 'हो, झालं होतं' असं लिहिलं (सह्यकडा, कोर्टाचं वाक्य मी मुद्दाम नाही लिहिलं, ते कधीतरी समोर बसून). आणि त्या रविवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. सैनिकांचं सोडलं नाही, ओहायोकर, तेही लिहिलं, की हे मला अजूनही तसंच वाटतं.

त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं. मुद्द्यांबद्दल एक अक्षर नाही. मुंबईला आमची विमानं दोन तासांच्या फरकाने उतरतायत, थांबशील का, साताऱ्याला एकच गाडी करू, असं लिहिलंय.

थांबते म्हणून कळवलंय. पाच-सहा तासांचा रस्ता आहे.